मागच्या दाराची सिस्टर

मामेभावाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या पहिल्याच कैऱ्या फोडत होते. हात आंबट, मोबाईल खांद्यावर दाबलेला.

"ताई, बाबांचं बघशील का? रोज सकाळी जायचं, शुगर तपासायची, इन्सुलिन द्यायचं, पायाचं ड्रेसिंग करायचं. तू कुठे आता कामाला जाऊन राह्यली? मी पगार देईन."

पगार! मामाच्या घरी पगार! डोकं असं सणकलं की अडकित्ता कैरीऐवजी बोटावर यायचा. "मामाचं करायले मले पैसे देतं का रे तू? लाज नाही वाटत?" असं बरंच काही बोलून घेतलं. तो बिचारा ऐकत राहिला. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "बरं ताई, मग दुसरी बाई पाहतो."

"कायले दुसरी?" मी म्हटलं. "किती देशीन ते सांग आधी."

राग मला पटकन येतो. अक्कल मागून चालत येते, पण येते. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात मी अकरा वर्षं ड्रेसिंगचं काम केलं होतं. घाटंजीहून रोज एसटीनं जाणं-येणं. मग आमच्या डॉक्टरसाहेबांनी दवाखाना बंद केला आणि ते मुलाकडे राहायला गेले. मी चार महिन्यांपासून घरी. पोरगी नागपूरला नर्सिंगला, तिच्या हॉस्टेलची फी दर सहा महिन्यांनी दारात उभी. आमच्या ह्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान, म्हणजे विहिरीतल्या मोटारी जळल्या तर आमची चूल पेटणार. हे म्हणाले, "मामाच्या घरचे पैसे घेशीन? लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "लोक फी भरतीन का? भरत असतीन तं सांगा, मी घरी बसते." त्यावर हे पाना घेऊन दुकानात गेले.

पण पुण्यात पंधरा वर्षं काढून मामेभाऊ एक गोष्ट साफ विसरला होता, आणि पगाराच्या आनंदात मीही विसरले. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही. मामाच भाचीच्या पाया पडतो. मी सहा महिन्यांची होते तेव्हापासून हा पावणेसहा फुटी माणूस माझ्यासमोर वाकत आलाय. भाची मामाच्या घरी उष्टं ताट उचलत नाही, झाडू मारत नाही, आणि चुकून मामाचा पाय तिला लागला तर मामा हातातलं काम टाकून आधी पाया पडणार. "शंभर बामन अन् एक भाचा" असं आमची म्हातारी माणसं म्हणतात, आणि भाचीचा भाव त्याहून चढा. आता सांगा, ज्या मामाच्या पायाला हात लावायची मला सोय नाही, त्याच मामाच्या पायाचं ड्रेसिंग करायची नोकरी मी धरली होती.

मामाचं गाव घाटंजीपासून स्कुटीनं वीस मिनिटं. मामी पाच वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मामा एकटाच. पंचायत समितीत कारकून होता, निवृत्त झाल्यावर शेतीत रमला. कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी उरकली, तेव्हा हा वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला गेला आणि एक खुंट चप्पल फोडून अंगठ्याखाली घुसला. जुनी शुगर, पायाला जाणीवच नाही. संध्याकाळी चप्पल काढताना आत रक्त दिसलं, तेव्हा कळलं. मग हळद लावली, मग कोणी सांगितलेला पाला, मग काहीच नाही.

पहिल्या दिवशी मी पोचले तर मामा झोपाळ्यावर, म्हणजे आमच्या बंगईवर बसलेला, पायाला जुन्या धोतराची चिंधी. मला पाहून उठला, लंगडत आला आणि वाकलाच.

"बसा ना मामाजी! पाय दुखत असन."

"दुखत नाही व बाई. काहीच नाही वाटत."

तीच तर भीती होती. शुगर तपासली, बोट दिलं. इन्सुलिन दिलं, पोट दिलं. मग मी खाली बसले आणि चिंधीला हात घातला, तर मामानं पाय असा ओढला की बंगईच मागे गेली.

"पाप लावतं काय मले?"

"कसलं पाप? जखम पाहू द्या."

"जखम माही मी पाहीन."

काय पाहणार! पोट मध्ये, पाय खाली. त्याला स्वतःचा अंगठा दिसून किती वर्षं झाली असतील देव जाणे. मी चिडले, मनवलं, पोराला फोन लावून दिला. पोरगा म्हणाला, "बाबा, असं काही नसतं." मामा म्हणाला, "तुह्या पुण्यात नसन." आणि फोन माझ्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी ऑटो करून त्याला यवतमाळला एका सर्जनकडे नेलं. डॉक्टरांनी चिंधी सोडली तशी खोलीभर वास सुटला. अंगठ्याखालची जागा काळी पडली होती. त्यांनी मेलेला भाग कापून काढला, साफ केलं आणि सरळ सांगितलं, "रोज ड्रेसिंग झालं पाहिजे. एक दिवस चुकायला नको. तीन आठवड्यांत भरायला लागली तर ठीक, नाहीतर आधी अंगठा काढावा लागेल. वर चढलं तर घोट्यापासून पाय."

ऑटोत मला वाटलं, आता ऐकेल. घरी आल्यावर म्हणाला, "डॉक्टर चांगला हाय. त्यालेच रोज करू दे."

"रोज यवतमाळ? जाऊन-येऊन तीन तास. पाय खाली लोंबता ठेवून. तीन आठवड्यांचं कामच नाही पडायचं मंग, आधीच पाय जाईन."

गावातला एक कंपाउंडर दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या साळ्याचं लग्न निघालं, मग त्याच साळ्याची पूजा. मी डोक्याला हात लावला. हातात ग्लोव्हज, पिशवीत सलाईन, गॉज, मलम, अकरा वर्षांचा सराव, आणि तीन हातांवर तो सडत चाललेला पाय. आणि मी काय करते आहे, तर वरण-भात.

मग मी एक चलाखी केली. मामा दुपारी जेवला की घोरतो. पायाला तर जाणीवच नाही. कूलर लावून दिला, तो घोरायला लागला तशी मी पायथ्याशी बसले आणि सावकाश पट्टी सोडली. काय सुंदर ड्रेसिंग केलं म्हणता! स्वतःलाच शाबासकी दिली. शेवटची चिकटपट्टी लावत होते आणि घोरणं थांबलं. वर पाहिलं तर मामा टक्क डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होता. ओरडला नाही. उठून हातपाय धुतले, पट्टीसकट, आणि देवाजवळ जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्सुलिन दिलं, भाकर-भाजी वाढली आणि औषधं आणायला घाटंजीला गेले. परत आले तर ताट रिकामं, पण मामा घामानं ओलाचिंब. हात थरथरत होते आणि बोलणं भलतंच. मला माझ्या आईच्या नावानं हाक मारत होता. मशीन लावलं, आकडा पन्नासच्या खाली. साखरेचं पाणी केलं, अर्धं त्याच्या तोंडात, अर्धं सदऱ्यावर. पंधरा मिनिटं मी त्याच्या गालाला हात लावून बसले होते आणि होते नव्हते ते सगळे देव आठवले.

शुद्धीवर आला तेव्हा कळलं. भाकर कुत्र्याला घातली होती. भाचीनं पायाला हात लावला म्हणून प्रायश्चित्त! इन्सुलिन पोटात आणि वर उपास.

मग माझा तोल गेला. मामापुढे आवाज चढवायची आमच्यात रीत नाही, पण मी चढवला. "मरा मंग! पाय सडवा, उपास करा अन् मरा! मले पाप नको लावू म्हणता, अन् तुम्ही माह्या हातानं मेले असते तं ते कोणाच्या खात्यात गेलं असतं? सुई मी टोचली होती, मी!" आणि मी रडायला लागले. चांगली भोकाड पसरून.

मामा पंख्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुह्या दवाखान्यात तू माणसाईच्या पायाले हात लावत होती?"

"रोज वीस-वीस."

"ते मामा नव्हते."

"कोणाचे ना कोणाचे मामा असतीनच ना त्यातले!"

"पण तुहे नव्हते." आता तो थोडा उठून बसला. डोळ्यात कारकुनी चमक आली. "ऐक. मी ऑफिसात असतानी माहा चुलतभाऊ गटविकास अधिकारी होऊन आला होता. माह्याहून बारा वर्षांनं लहान. कडेवर खेळवला त्याले मी. तं ऑफिसात मी उभा राहून 'साहेब' म्हणो, अन् संध्याकाळी घरी आला का थो माह्या पाया पडे. कोणाले पाप लागलं नाही. खुर्चीवर होता तवा साहेब, खुर्चीवरून उतरला का लहान भाऊ."

मी नाक पुसलं. "मंग?"

"तुह्या दवाखान्यात कपडे कोणते होते?"

"पांढरा ॲप्रन."

"हाय का अजून?"

असा आमचा करार झाला, आणि नियम सगळे मामाचे. पंचायत समितीत तीस वर्षं काढलेला माणूस, नियम करायला बसला की ऐकतो का! सकाळी मी पुढच्या दारानं यायचं. तेव्हा मी भाची. मामा पाया पडणार, मी चहा घेणार, कप तसाच ठेवणार. मग पुढच्या दारानं बाहेर पडून, घराला वळसा घालून, गोठ्याजवळून मागच्या दारानं आत यायचं. अंगात ॲप्रन, तोंडाला मास्क. तेव्हा मी सिस्टर. सिस्टरनं 'मामाजी' म्हणायचं नाही, 'बाबाजी' म्हणायचं. आणि पगार पोराच्या मोबाईलवरून भाचीला नाही, महिन्याच्या महिन्याला मामाच्या हातून सिस्टरला.

"भाचीले काय पगार देतेत का?" मामा म्हणाला. "भाचीले लुगडं देतेत."

"लुगडं पण पायजे मंग," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. गोठ्यापाशी ॲप्रन चढवला, शेजारची काकू सांडग्यांचं पीठ हातात घेऊन पाहतच राहिली. मागच्या दाराची कडी वाजवली.

"कोण?"

"सिस्टर."

"या, या सिस्टर. लय ऊन हाय ना?" आणि ज्या माणसानं इतके दिवस पाय धोतरात लपवला होता, त्यानं तो स्टुलावर ठेवून दिला. चेहऱ्यावर असा भाव की जणू मला आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. मी पट्टी सोडली. जखम वाईट होती. पण माझ्या हातात होती.

आता या सिस्टरची एक गंमत झाली. मामा तिच्याशी बोलायला लागला. भाचीसमोर तो मोजून बोलायचा, मान राखून. सिस्टरला मात्र सगळं सांगायचा. आणि काय सांगायचा? भाचीच्या तक्रारी!

"तुम्हाले सांगतो सिस्टर, आमची भाची मनानं सोनं. पण तोंड म्हणजे लवंगी फटाक्याची लड. एक पेटला का थांबतच नाही."

"असं का बाबाजी."

"हाव. अन् वरण असं पातळ करते, वाटीत तोंड दिसते."

मी मास्कच्या आत दात खाल्ले. पट्टी बांधली, मागच्या दारानं गेले, पुढच्या दारानं आले आणि दुसऱ्या दिवशी वरण एवढं घट्ट केलं की पळी उभी राहिली. मामानं जेवताना हूं की चूं केलं नाही. सिस्टरला मात्र सांगितलं, "तिले कोणी तरी चुगली केली वाटते."

गावात बोलणं व्हायचं ते झालंच. मामाचे पैसे घेते, मामाच्याच घरी मागच्या दारानं जाते. काकूनं एकदा विचारलं, "कायले व अशी चकरा मारतं?" मी म्हटलं, "दोन नोकऱ्या हायेत, काकू. एकीचा पगार हाय, एकीचं लुगडं." पहिल्या महिन्याचा पगार मामानं सिस्टरच्या हातात दिला तेव्हा तो ते पाकीट दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "तुमच्या मेहनतीचे हायेत, सिस्टर." अकरा वर्षांत दवाखान्यात असं मला कोणी म्हटलं नव्हतं. खरं सांगते, ते पैसे घेताना मला लाज वाटली नाही. ताठ वाटलं.

चूक झाली ती एप्रिलच्या शेवटी. जखम कडेनं लाल, नवी कातडी धरायला लागली होती. यवतमाळला डॉक्टर म्हणाले होते, "अजून बेभरवशाचं आहे. पुढच्या तारखेला ठरवू, काढायचं की ठेवायचं." आणि त्या दिवशी मी पट्टी सोडली तर पुन्हा पू, आणि आत मातीचा बारीक खडा.

"मामाजी! वावरात गेलते ना तुम्ही?"

शब्द सुटला तोंडातून. मामानं पाय झटक्यात ओढून घेतला आणि धोतर टाकलं त्यावर.

"अहो, चुकून निघालं! जखम उघडी हाय!"

मामा भिंतीकडे पाहून म्हणाला, "सिस्टर आली का करू ड्रेसिंग. सिस्टर आली नाही अजून."

काय करता! उठले. ॲप्रन काढला. पुढच्या दारानं बाहेर. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात घराला वळसा. गोठ्यापाशी ॲप्रन चढवला. तोंडानं जे जे येत होतं ते सगळं तिथल्या म्हशीला ऐकवलं. मग कडी वाजवली.

"कोण?"

"सिस्टर!" मी दातओठ खाऊन म्हटलं.

"या सिस्टर. आज उशीर झाला?"

मी खडा काढला, सलाईननं धुतलं, तीनदा धुतलं. आता हा पाय गेला तर एका खड्यानं जाईल आणि मी तो रोज पाहत असूनही जाईल, एवढंच डोक्यात होतं.

"बाबाजी," मी शेवटी म्हटलं, "वावरात कायले गेले होते? चप्पल फाटकी. डॉक्टरनं सांगतलं ना, पाय टेकवायचा नाही?"

मामानं धोतराचा काठ सारखा केला. मग म्हणाला, "सिस्टर, तुम्हाले एक सांगू? आमच्या भाचीले सांगू नका."

"नाही सांगत."

"चालता येते का ते पाहाले गेलतो. वावराच्या धुऱ्यापर्यंत. डॉक्टर परवा काय म्हणन, माहीत नाही." तो पायाकडे पाहत होता. "मले पायाचं काही नाही जी. सत्तरी झाली, किती चालाचं आता. पण माही बहीण गेली ना, भाचीची माय, तवा तिनं माहा हात धरला होता. म्हणे, दादा, माह्या पोरीचं माहेर राहू देजो. मी म्हटलं, हाव. आता सिस्टर, पाय गेला तं मी खाटेवर. मंग भाची येईन, राबन, भांडी घाशीन, माहं हागणं-मुतणं काढन. काढन ते, मले माहीत हाय. तोंडानं बोंबलन अन् हातानं काढन. पण मंग तिले माहेर कोणतं राहीन? जिथं जाऊन नुसतं बसाव, असं तिले दुसरं घर कोणतं हाय?"

मास्क असतो ते एक बरं असतं, नाक लाल झालेलं दिसत नाही. डोळ्यांचं मात्र काय करणार. मी मान खाली घालून पट्टीचे वेढे घेत राहिले, लागत होते त्यापेक्षा जास्तच.

"घट्ट झाली का बाबाजी?"

"मले कुठं कळते जी," मामा म्हणाला.

तो पाय मला वाचवायचा होताच. पण तोपर्यंत तो मी त्याच्यासाठी वाचवत होते. त्या दिवशी कळलं की मामा तो माझ्यासाठी वाचवून राह्यला होता, आणि धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत जाऊन त्याची वाट लावून आला होता. असा माणूस! रागही येईना, हसूही येईना.

तारखेला डॉक्टरांनी कापायचं पुढं ढकललं. "चार आठवडे देतो," म्हणाले, "शेवटचे." मग मी कोणाचं ऐकलं नाही. सकाळी एक ड्रेसिंग, संध्याकाळी एक. म्हणजे दिवसातून दोन वळसे. मामाची चप्पल मी स्कुटीच्या डिक्कीत टाकून घरी घेऊन गेले, म्हणजे वावराचा प्रश्नच नको. शुगर लिहून ठेवली, भात बंद केला, आंब्याच्या दिवसांत आंबा बंद केला. आंब्यावरून मामानं सिस्टरला इतक्या शिव्या दिल्या की तुमच्यापेक्षा भाची बरी असं म्हणायला लागला. ह्यांनी स्वतःहून संध्याकाळचा स्वयंपाक घेतला अंगावर. मीठ विसरायचे, पण घेतला.

मे संपता संपता आम्ही यवतमाळला गेलो. मी साधी साडी नेसून होते. ऑटोत मामानं पाय सामानाच्या पिशवीवर वर ठेवला होता आणि तो रस्त्याकडे पाहत होता. मी पर्समध्ये पोराचा नंबर काढून ठेवला होता, ऑपरेशनला हो म्हणायला सही लागली तर.

डॉक्टर पट्टी कापायला कात्री शोधत होते. मला म्हणाले, "मॅडम, जरा पाय धरा त्यांचा वर. असा, टाचेखालून."

मी जागची हलले नाही. अंगात ॲप्रन नव्हता. मास्क नव्हता. आणि मागचं दार तर पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर राहिलं होतं. मी मामाकडे पाहिलं. मामानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं धोतर सारलं, पाय उचलला आणि आपणहून माझ्या हातावर ठेवला.

डॉक्टरांनी पट्टी काढली, वाकून पाहिलं, दाबून पाहिलं, भिंग आणून पाहिलं. "वा!" ते म्हणाले. "भरली. अंगठाही राहिला, पायही राहिला. काढायची काही गरज नाही. ड्रेसिंग कोणाकडून करून घेतलं? हे घरगुती काम नाही. कोणत्या दवाखान्यातली सिस्टर आहे?"

मी सांगणार होते काहीतरी. मामा आधी बोलला.

"सिस्टर नाही जी," तो म्हणाला. "माही भाची हाय. ते अशी हातात पाय घेऊन बसली, अडीच महिने."

डॉक्टर इकडचेच, मामानं भाचीच्या हातात पाय देणं म्हणजे काय ते त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि शुगरच्या गोळीबद्दल काहीतरी बोलायला लागले.

आता रोज ड्रेसिंग नको, आठवड्याला एकदा पाहिलं तरी चालेल, असंही ते म्हणाले. म्हणजे जखम भरली आणि नोकरी गेली. स्वतःच्या हातानं घालवली. बाहेर आल्यावर मी मामेभावाला फोन करून दोन्ही बातम्या दिल्या. तो आधी रडला, मग म्हणाला, "ताई, शुगर तर रोज पाहावीच लागेल ना, पगार चालू राहील." मी म्हटलं, "ते मंग बोलू. पगाराचं मी सोडणार नाही, घाबरू नको." मऊ तळाची, बेल्टवाली चप्पल घेतली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पोचले. ॲप्रन पिशवीत होता, सवयीनं. बंगई रिकामी. मग स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून मामाचा, "बस तिथंच. आत येऊ नको."

"काय करून राह्यले तुम्ही?"

"बस म्हटलं ना."

मी बंगईवर बसले. हात मोकळे, काय करावं त्यांचं कळेना. झाडू समोर होता, कालचं दूध उतू गेलेलं दिसत होतं, माझा जीव वरखाली. पण बसले. थोड्या वेळानं मामा दारात आला. नवी चप्पल पायात, हातात कपबशी. स्वयंपाकघरापासून बंगईपर्यंत तो चालत आला, भिंतीला न धरता, पाऊल पूर्ण टेकवत. अर्धा चहा बशीत सांडला होता.

"घे," मामा म्हणाला. "आज काही करू नको. नुसती बस."

चहा पाण्यासारखा होता आणि गूळ विरघळलाच नव्हता. मी सगळा प्यायले, बशीतलाही, आणि तो समोर उभा राहून पाहत होता तोवर उठले नाही.